सांगली-मिरजेत नवीन जेवणाची ठिकाणे शोधताना ऑनलाइन अभिप्राय कसे वाचावेत? सल्ला हवा आहे

नवीन_वस्ती

नमस्कार मंडळी,

बदलीमुळे आम्ही नाशिकहून सांगलीत आलो असून विश्रामबागेत राहतो. घरात आम्ही दोघे, नववीतील मुलगी आणि माझ्या सासूबाई असे चौघे आहोत. अधूनमधून बाहेर जेवायला जावे, आणि दर वेळी त्याच दोन-तीन हॉटेलांत न जाता इथली नवी-जुनी ठिकाणे एकेक करून पाहावीत, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. शहरात अजून फारशा ओळखी झालेल्या नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त गूगल मॅप्स, झोमॅटो आणि जस्टडायल यांवरील अभिप्रायांवर आहे, आणि अडचण तिथेच येते.

शंभर फुटी रस्त्यावरील बहुतेक हॉटेलांना चारच्या आसपास किंवा त्याहून अधिक तारे दिसतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून एकाला डावे आणि दुसऱ्याला उजवे ठरवता येत नाही. मध्यंतरी पावणेपाच तारे पाहून आम्ही एका नव्या हॉटेलात गेलो. बैठक फोटोत होती तशीच सुरेख होती, परंतु भाकरी गार आणि चिवट आली, आणि तांबड्या रश्श्यात मसाला व पाणी वेगवेगळे लागत होते. याउलट शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून गावभागातील एका लहान खानावळीत गेलो, तिला नकाशावर चार तारेसुद्धा नव्हते, आणि तिथल्या भरल्या वांग्याचे नाव मुलगी अजून काढते.

कृपया हॉटेलांच्या नावांची यादी देऊ नये, अशी विनंती आहे. अशा याद्या वर्ष-दोन वर्षांत शिळ्या होतात, आणि मला पुढेही उपयोगी पडेल अशी पद्धत हवी आहे. नवे ठिकाण मुळात सापडावे कसे, अभिप्रायांतील खरे-खोटे ओळखावे कसे, आणि कोणत्या संकेतस्थळावर कशासाठी विसंबावे, याबद्दल इथल्या जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास फार उपकार होतील.

कृष्णाकाठ

ताई, सांगलीत मनापासून स्वागत.

मी आधी हॉटेल निवडून मग काय मागवावे हे पाहत नाही. आधी पदार्थ ठरवतो आणि मग तो कुठे चांगला मिळतो ते शोधतो. गूगल मॅप्सवर कोणत्याही हॉटेलाच्या अभिप्रायांमध्ये शब्द टाकून शोधण्याची सोय आहे, आणि बहुतेक लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मटणाचे ताट खायचे असेल तर अभिप्रायांत ‘मटण’, ‘रस्सा’, ‘भाकरी’ हे शब्द एकेक करून शोधावेत. त्यातून येणारी वाक्ये वाचली की ते ताट जवळजवळ डोळ्यांपुढे उभे राहते. तांबडा रस्सा दुसऱ्यांदा मागितल्यावर गरम आला की नाही, पांढऱ्या रश्श्यात खसखस-खोबऱ्याचा दाटपणा होता की नुसतेच पांढरे पाणी होते, भाकरी शाळूची होती का आणि ती तव्यावरून थेट पानात येत होती का, सुके मटण हाडापासून सहज सुटत होते का, हे ज्याने लिहिले तो माणूस तिथे बसून जेवला आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही. ‘वातावरण छान, सेवा उत्तम, एकदा अवश्य भेट द्या’ असे लिहिणारा जेवला असेलही, पण त्याच्या लिहिण्यातून तुमच्या हाती काही लागत नाही. असे अभिप्राय चांगले असोत वा वाईट, मी ते सरळ वगळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अभिप्रायांचा क्रम. मॅप्स ते आपल्या मते सर्वांत उपयुक्त असलेल्या क्रमाने दाखवते, आणि त्यात तीन-चार वर्षांपूर्वीचे अभिप्रायही वर येऊन बसतात. आपल्याकडे हॉटेलाची चव बहुतांशी आचाऱ्याच्या हातात असते, आणि आचारी सोडून गेला किंवा मालकाने जागा चालवायला दिली, तरी पाटी तीच राहते आणि तारेही तेच राहतात. म्हणून क्रम ‘नवीनतम’ असा करून गेल्या पाच-सहा महिन्यांतील अभिप्राय आधी वाचावेत. मात्र ते वाचताना पंचांग विसरू नये. केवळ मांसाहारी जेवण देणारी अनेक ठिकाणे श्रावणात बंद असतात किंवा निम्म्यावर चालतात, त्यामुळे त्या महिन्यात एकही नवा अभिप्राय दिसला नाही, तर हॉटेल बंद पडले असा अर्थ काढू नये. तसेच रविवार, बुधवार आणि शुक्रवार हे इथे मटणाचे वार असल्यामुळे त्या दिवशीच्या गर्दीत जेवलेल्याची तक्रार आणि मंगळवारी शांतपणे जेवलेल्याचे कौतुक ही दोन्ही एकाच ठिकाणची खरी चित्रे असू शकतात.

फोटोंबद्दलही थोडे लिहितो. मालकाने टाकलेले फोटो आणि गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो वेगळे करून पाहता येतात, आणि प्रत्येक फोटोवर महिना व वर्ष दिसते. मालकाच्या फोटोत दिवे आणि भिंती असतात, तर गिऱ्हाइकाच्या फोटोत ट्यूबलाइटखाली ठेवलेले खरे ताट असते, वाटीचा खरा आकार दिसतो आणि शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे तेही दिसते. दरपत्रकाचा फोटो असल्यास त्याची तारीख अवश्य पाहावी. मारुती चौक, हरभट रस्ता या भागात तर मी हे कटाक्षाने पाहतो, कारण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तो भाग पाण्याखाली गेला होता, आणि त्याआधीच्या फोटोंवरून आजच्या दुकानाची काहीच कल्पना येत नाही. काहींनी जागा बदलली तरी नकाशावरची जुनी खूण तशीच राहते, त्यामुळे निघण्याआधी एक फोन करणे केव्हाही चांगले.

हिशेबनीस

वर कृष्णाकाठ यांनी चवीबद्दल उत्तम लिहिले आहे. मी फक्त ताऱ्यांच्या गणिताबद्दल लिहितो, कारण ताईंच्या पावणेपाच ताऱ्यांचे उत्तर त्या गणितातच आहे.

नवे हॉटेल उघडले की पहिले अभिप्राय बहुधा मालकाचे नातेवाईक, मित्र आणि ओळखीचे व्यापारी देतात. त्यात लबाडी असतेच असे नाही. आपल्या माणसाच्या उद्‌घाटनाला जाऊन कोणी तीन तारे देत नाही, इतकेच. अशा १२ जणांनी पाच-पाच तारे दिले तर आकडा ५.० होतो, आणि त्यानंतर एका नाराज गिऱ्हाइकाने एकच तारा दिला तर तो ४.७ वर येतो. म्हणजे तेरा अभिप्रायांवरचा ४.७ हा आकडा बारा आप्तेष्ट आणि एक अनोळखी माणूस यांचा असू शकतो. ज्या हॉटेलाचे ८०० अभिप्राय होऊन सरासरी ४.२ आहे, तिथे तोच एक तारा पडला तर दिसणारा आकडा हलत नाही. माझ्या मते असा ४.२ हा नव्या हॉटेलाच्या ४.७ पेक्षा कितीतरी अधिक भरवशाचा आहे.

मात्र जुन्या, मोठ्या आकड्याचीही एक उणीव आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. त्याच ८०० अभिप्रायांच्या हॉटेलाचा दर्जा घसरला आणि पुढच्या ४० जणांनी सरासरी अडीचच तारे दिले, तरी एकूण सरासरी ४.२ वरून जेमतेम ४.१ वर येते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बिघडलेले दिसत नाही. म्हणून नव्या हॉटेलाच्या बाबतीत अभिप्रायांची संख्या आधी पाहावी आणि जुन्याच्या बाबतीत शेवटच्या तीस-चाळीस अभिप्रायांची मनातल्या मनात वेगळी सरासरी काढावी.

खोटे अभिप्राय ओळखण्याची खात्रीची खूण म्हणजे त्यांच्या तारखा. महिनोन्‌महिने शांत असलेल्या हॉटेलाला एकाच आठवड्यात पाच ताऱ्यांचे पंधरा-वीस अभिप्राय आले, लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात तो एकच अभिप्राय दिला आहे, आणि सगळ्यांत वाढप्याचे नाव आहे पण एकाही पदार्थाचे नाव नाही, असे दिसले की तो आठवडा हिशेबातून वजा करावा. कित्येकदा टेबलावर क्यूआर कोड ठेवलेला असतो आणि पाच तारे दिल्यास आइस्क्रीम किंवा बिलात सवलत मिळते. गूगलच्या नियमांनुसार मोबदला देऊन अभिप्राय मिळवण्यास मनाई आहे, तरीही हा प्रकार चालतो. एकतारी अभिप्रायांचे घोसही याच कसोटीवर तपासावेत, कारण शेजारचा स्पर्धकही ते लिहवून घेऊ शकतो.

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणले आहे. अभिप्राय देणारी व्यक्ती पडताळता यावी आणि संकेतस्थळाने अभिप्रायांत फेरफार करू नये, अशा अपेक्षा त्यात आहेत. परंतु ते ऐच्छिक म्हणून आणले गेले, त्यामुळे पारखण्याचे काम शेवटी आपल्यालाच करावे लागते.

मिरजपट्टा

मला वाटते की ताईंचा पहिला प्रश्न, म्हणजे नवे ठिकाण मुळात सापडावे कसे, मागे राहिला आहे.

बहुतेक जण मॅप्सवर इंग्रजीत ‘रेस्टॉरंट’ असे लिहून शोधतात आणि मग त्यांना मोठ्या रस्त्यांवरची, पाटी झळकवणारी हॉटेलेच दिसतात. तीच शोधपेटी देवनागरीत वापरून पाहा. ‘खानावळ’, ‘घरगुती जेवण’, ‘भाकरी केंद्र’, ‘अख्खा मसूर’, ‘लोणी डोसा’, ‘मिसळ’ असे शब्द टाकल्यावर निराळीच ठिकाणे वर येतात, कारण लहान मालकाने आपल्या दुकानाचे नाव मराठीत नोंदवलेले असते. रोमन लिपीत तर एकाच खानावळीचे स्पेलिंग तीन-चार प्रकारे होते, आणि त्यातले एकच टाकले तर उरलेली हाती लागत नाहीत. शोधताना नकाशा हाताने सरकवून त्या-त्या भागावर आणावा आणि तिथे पुन्हा शोधावे. विश्रामबागेत बसून शोधले तर मॅप्स कुपवाड किंवा मिरजेच्या आतल्या पेठा दाखवण्याची शक्यता कमी असते.

मिरजेबद्दल आग्रहाने लिहितो, कारण सांगलीकर मंडळी सहा-सात मैलांवरच्या या गावाकडे जेवणासाठी फारसे वळत नाहीत. मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे, आणि उत्तर कर्नाटकातून उपचारासाठी येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक इथे कित्येक दिवस मुक्काम करतात. त्यांना रोज परवडेल आणि पचेल असे जेवण देणाऱ्या खानावळी दवाखान्यांच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी काहींत पापडासारखी कडक ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि दही असे सीमाभागातले उत्तम ताट मिळते. अशा ठिकाणांचे अभिप्राय संख्येने थोडे असतात, आणि त्यांतले काही कन्नडमध्ये असतात. ते टाळू नका. मॅप्सवर अभिप्रायाचे भाषांतर करून घेता येते, आणि विजापूर किंवा अथणीकडचा माणूस भाकरीबद्दल चांगले लिहीत असेल, तर त्याच्या शब्दाला वजन आहे, कारण तो घरी रोज तीच भाकरी खातो.

यातूनच पुढचा मुद्दा येतो. लिहिणारा कोण आहे ते पाहिल्याशिवाय त्याचे मत घेऊ नये. नावावर टिचकी मारली आणि त्या व्यक्तीने माहिती खुली ठेवलेली असली, तर तिने आणखी कुठे काय लिहिले आहे ते दिसते. समजा, एखाद्याने मटणाच्या ताटाला दोन तारे देऊन ‘असह्य तिखट’ असे लिहिले आहे, आणि त्याचे बाकी सगळे अभिप्राय मुंबईतील केकच्या दुकानांचे आहेत. ती तक्रार खोटी नाही, पण तिखट खाणाऱ्या घराने तिच्यामुळे ते हॉटेल टाळण्याचे कारण नाही. याउलट तासगाव, विटा, जत अशा ठिकाणी हिंडून खाल्लेला माणूस ‘रस्सा सपक आहे’ असे म्हणत असेल, तर मी तिकडे फिरकत नाही. आपल्या जिभेशी ज्यांची जीभ जुळते असे चार-पाच लिहिणारे सापडले की अधूनमधून त्यांच्या नावावर टिचकी मारून पाहावे. त्यांनी पुढे दिलेले अभिप्राय हाच नवी ठिकाणे शोधण्याचा माझा मुख्य मार्ग झाला आहे.

नवीन_वस्ती

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. देवनागरीत शोधण्याची युक्ती लगेच करून पाहिली, आणि आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन खानावळी निघाल्या ज्या मला इतके दिवस दिसल्याच नव्हत्या.

दोन शंका आहेत. झोमॅटोवर एका हॉटेलाला चांगले तारे आहेत आणि मॅप्सवर त्याच हॉटेलाला फार कमी, असे का होते? आणि स्वयंपाकघराची स्वच्छता दूर बसून तपासता येते का? सासूबाईंची प्रकृती नाजूक असल्याने त्याबाबत जपावे लागते.

शाळू

ताई, पहिल्या शंकेचे उत्तर असे की झोमॅटोवर तिथे बसून जेवण्याचे आणि घरपोच जेवणाचे तारे वेगवेगळे असतात. घरपोच जेवणाचा तारा देणाऱ्याने हॉटेल पाहिलेलेच नसते. त्याच्या मनात डबा वेळेवर आला का, सांडला का, प्रमाण पुरेसे होते का, हे असते. बिर्याणी किंवा पनीरची भाजी डब्यातून नीट येते, पण भाकरी आणि रस्सा यांचे ताट अर्ध्या तासाच्या प्रवासात निम्मे उतरते. त्यामुळे मटण-भाकरीचे उत्तम ठिकाण घरपोच ताऱ्यांत मागे पडू शकते आणि बेताचे ठिकाण पुढे जाऊ शकते. तुम्हाला बसून जेवायचे असेल तर घरपोचचा आकडा विचारात घेऊ नका. जस्टडायलचा उपयोग मी फोन क्रमांकासाठी करतो. चवीसाठी तिथे फारसे वाचण्यासारखे सापडत नाही. ट्रिपॲडव्हायझर पर्यटकांच्या गावी कामाचे आहे, आपल्याकडे नाही.

घरपोच मागवताना आणखी एक पाहावे. एकाच स्वयंपाकघरातून तीन-चार वेगवेगळ्या नावांनी जेवण विकले जाते, आणि बिर्याणीचे नाव निराळे, चायनीजचे निराळे, थाळीचे निराळे असते. नवे नाव दिसले म्हणून नवे हॉटेल उघडले असे समजू नये. ॲपवर हॉटेलाच्या पानाच्या अगदी तळाशी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ अंकी परवाना क्रमांक दिलेला असतो. दोन नावांखाली तोच क्रमांक असेल, तर स्वयंपाकघर एकच.

हाच क्रमांक तुमच्या दुसऱ्या शंकेला काही अंशी उपयोगी पडतो. २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे, आणि प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर तो टाकून परवाना चालू आहे की नाही ते पाहता येते; तक्रारही तिथेच नोंदवता येते. परवाना आहे म्हणजे स्वयंपाकघर लख्ख आहे असे नव्हे, पण ज्याच्याकडे परवानाच नाही तिथे नाजूक प्रकृतीच्या माणसाला नेऊ नये, एवढे मी ठामपणे सांगेन. अभिप्रायांत ‘पाणी’, ‘तेल’, ‘वास’, ‘पोट’ हे शब्द शोधून पाहावेत. पोट बिघडल्याची एखादी तक्रार कुठेही सापडेल, परंतु दोन-तीन महिन्यांच्या आत वेगवेगळ्या लोकांनी तीच तक्रार केली असेल, तर मी कितीही तारे असले तरी जात नाही. गिऱ्हाइकांच्या फोटोंत हात धुण्याची जागा, पाण्याचे जग आणि टेबलाखालची फरशी कशी दिसते तेही पाहावे. ती जागा मालक फोटोसाठी सजवत नाही.

कृष्णाकाठ

शाळू यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. घरच्या मंडळींसह जायचे असल्याने पाटीचा फोटो मोठा करून वाचावा. अनेक हॉटेलांत खाली परमिट रूम आणि वर फॅमिली हॉल असतो, आणि दोघांचे अभिप्राय एकाच पानावर येतात. शनिवारी रात्री अकराला लिहिलेला गोंगाटाचा अभिप्राय बहुधा खालच्या मजल्याचा असतो. वरच्या हॉलला स्वतंत्र जिना आहे का, सासूबाईंना तो चढवेल का, हे फोनवरच विचारून घ्यावे.

नवीन_वस्ती

जिन्याचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. आता फोन करताना तो प्रश्न सर्वांत आधी विचारीन. एक शेवटचे विचारते. सासूबाई तिखट अगदीच कमी खातात आणि शाकाहारी आहेत, तर मुलीला तांबडा-पांढरा हवा असतो. दोघींचे एकाच टेबलावर भागेल असे ठिकाण अभिप्रायांतून कसे निवडावे?

मिरजपट्टा

अशा वेळी मी मांसाहारी हॉटेलाच्या अभिप्रायांत मुद्दाम शाकाहारी पदार्थांची नावे शोधतो. ‘अख्खा मसूर’, ‘पिठले’, ‘वांगे’, ‘वरण’, ‘दही’ यांपैकी दोन-तीन पदार्थांबद्दल कोणी आपणहून चांगले लिहिले असेल, तर तिथे शाकाहारी ताट केवळ नावापुरते ठेवलेले नसते. दोन्हीचे स्वयंपाकघर वेगळे आहे का, हे सासूबाईंसाठी महत्त्वाचे असेल तर त्याच शोधपेटीत ‘स्वतंत्र’ किंवा ‘वेगळे किचन’ असे टाकून पाहावे. सांगलीत जैन कुटुंबे पुष्कळ असल्यामुळे कांदा-लसणाशिवाय किंवा कमी तिखट करून देण्याची विनंती इथल्या चांगल्या हॉटेलांना नवी नाही, मात्र ती ताट पुढ्यात आल्यावर न करता टेबल राखून ठेवतानाच फोनवर करावी. दुपारी साडेतीन ते सहाच्या दरम्यान फोन केला तर मालक किंवा मुख्य आचारी निवांत भेटतो. त्याच वेळी त्या दिवशी ताजे काय आहे तेही विचारावे, आणि जेवून आल्यावर सासूबाईंच्या ताटात काय आले, ते त्यांना सोसले का आणि जिना किती पायऱ्यांचा होता, हे मॅप्सवर मराठीत लिहावे. सांगलीतल्या ठिकाणांबद्दल इतक्या तपशिलाचे अभिप्राय सध्या फार थोडे आहेत, आणि वयस्कर माणसांना घेऊन जाणारी घरे नेमके तेच शोधत असतात.